खरे पदक, खोटे आजोबा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लष्करी बिल्ल्यांच्या संग्रहशास्त्रात, म्हणजे असे बिल्ले जमवणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि त्यांच्यावर झालेला खर्च घरात कळू न देणे या तिहेरी उद्योगात, नांदेड-लातूर भागातील संग्राहकापुढे उभी राहणारी पहिली अडचण धातूची नसून वंशावळीची असते. बिल्ला कधीच एकटा येत नाही; त्याच्यासोबत एक आजोबा येतात. हे आजोबा बहुधा हयात नसतात, त्यांचा फोटो वाड्याच्या पडझडीत गेलेला असतो, त्यांची पलटण कोणती हे कोणाला सांगता येत नाही. परंतु त्यांनी एका जर्मन अधिकाऱ्याला लोळवून त्याच्या छातीवरून हा बिल्ला उपटून घेतला होता, एवढा तपशील मात्र विक्रेत्याला स्वतः शेजारी उभा असल्याच्या खात्रीने ठाऊक असतो. संग्राहकांच्या परिभाषेत ज्याला पूर्वेतिहास म्हणतात, म्हणजे वस्तू मूळ धन्यापासून आजच्या धन्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून आली याची साखळी, त्या साखळीला नांदेडच्या इतवाऱ्यातल्या भंगाराच्या दुकानापासून थेट बर्लिनपर्यंत एकच कडी असते, आणि ती म्हणजे "आमच्या आज्यानं आणलंय, मालक, खोटं कशाला बोलू?" हे वाक्य.

या आजोबांची तपासणी बिल्ल्याच्या तपासणीआधी करणे शास्त्रशुद्ध ठरते, कारण तिला भिंग लागत नाही आणि पैसाही पडत नाही. नांदेड आणि त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर (लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली) ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानी पायदळाची एक पलटण दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेली खरी, पण ती मलायात कोटा बारू येथील विमानतळाच्या रक्षणाला होती आणि डिसेंबर १९४१ मध्ये तिच्यावर जे चालून आले ते जपानी होते. या पलटणीतल्या आजोबांनी जर्मन बिल्ला मिळवला असेल, तर जपानी शिपायाने जर्मन पदक कशासाठी लावले होते असा प्रश्न निर्माण होतो, आणि तो विचारला की विक्रेता चहा मागवतो. 'हैदराबाद रेजिमेंट' या नावाची एक रेजिमेंट ब्रिटिश हिंदी सैन्यातही होती. पण तिचे मूळ निजामाच्या पदरच्या फौजेत असले तरी तिच्यातील भरती कुमाऊंनी, जाट, अहिर अशा उत्तरेकडच्या लोकांची होत होती, इतकी की १९४५ मध्ये तिचे नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट असे ठेवण्यात आले. तेव्हा नुसत्या नावावरून नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या आजोबांना तिच्यात भरती करून टाकणे हे अल्मोड्याच्या कुठल्यातरी खऱ्या नातवावर अन्याय करणारे आहे.

पहिल्या महायुद्धाकडे वळल्यास आजोबांची, किंबहुना पणजोबांची, बाजू जराशी सावरते. हैदराबाद लान्सर्स हे संस्थानी घोडदळ म्हैसूर आणि जोधपूरच्या घोडदळांबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये इजिप्त व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते; याच ब्रिगेडच्या नावावर २३ सप्टेंबर १९१८ ची हैफाची लढाई जमा आहे आणि दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातील एक मूर्ती हैदराबादी स्वारांच्या स्मरणार्थ उभी आहे. त्या आघाडीवर तुर्कांच्या जोडीला जर्मनही होते, त्यामुळे एखाद्या स्वाराच्या खोगिरातून एखादे जर्मन पदक दख्खनेत आले असणे तर्काला सोडून नाही. अडचण अशी की त्या युद्धातील जर्मन पदकावर १९१४ हे साल आणि कैसर विल्हेल्मच्या नावाचे आद्याक्षर असते, तर विक्रेत्याच्या हातातल्या पदकावर हटकून स्वस्तिक असते, कारण स्वस्तिकाशिवाय जर्मन मालाला गिऱ्हाईक नाही हे त्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलेले असते. राहता राहिले मराठा पलटणीतले आजोबा. या पलटणी इटलीत जर्मनांशी खरोखर समोरासमोर भिडल्या. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात प्राण देऊन आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जे केले, त्याबद्दल दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र घाडगे आजच्या रायगड जिल्ह्यातले आणि जाधव त्या वेळच्या नगर जिल्ह्यातले, आणि या पलटणींची भरतीही मुख्यतः कोकण व पश्चिम महाराष्ट्रातली. त्यामुळे इटलीतून आलेला अस्सल जर्मन बिल्ला निघायचाच असेल तर तो कंधार-उदगीरपेक्षा माणगाव किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत निघण्याचा संभव अधिक. हे विवेचन विक्रेत्याला समजावून सांगू नये, असा अनुभवी संग्राहकांचा सल्ला आहे, कारण पुढच्या खेपेस आजोबा साताऱ्याचे होतात.

आजोबांचा निकाल लागल्यानंतर वस्तूकडे वळता येते. जर्मन पदकांत सर्वांत प्रसिद्ध, आणि म्हणून सर्वाधिक नक्कल झालेले, पदक म्हणजे लोहक्रॉस. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८१३ साली ते सुरू केले आणि त्यानंतरच्या मोठ्या युद्धांत ते नव्याने जाहीर होत गेले. १९३९ च्या आवृत्तीत दर्शनी बाजूस स्वस्तिक व १९३९ हे साल आणि द्वितीय श्रेणीच्या क्रॉसच्या पाठीवर मूळचे १८१३ हे साल असते. त्याची घडण तीन तुकड्यांची आहे: मधला काळा गाभा लोखंडाचा, आणि त्याला पुढून व मागून कवेत घेणाऱ्या दोन चंदेरी चौकटी, ज्या कडेला झाळ लावून एकमेकींना जोडलेल्या असतात. नकली क्रॉस पुष्कळदा एकाच तुकड्याचा, साच्यात धातू ओतून केलेला असतो आणि त्याचा गाभा केवळ काळ्या रंगाने गाभा झालेला असतो. येथे ठशाचे काम आणि ओतकाम यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. पोलादी ठशाखाली प्रचंड दाबाने उमटवलेल्या धातूवर मण्यांची किनार, पिसांची रेघ, अक्षराचा कोपरा असे सारे धारदार उठते. उलट खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन त्यात ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा केसभर लहान भरते, तिच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात आणि कडेला साच्याची शिवण किंवा ती लपवण्यासाठी फिरवलेल्या कानशीचे ओरखडे राहतात.

याशिवाय कारखानदारांच्या खुणा असतात. १९४१ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या पदकांवर 'एल' हे अक्षर, तिरकी रेघ आणि कारखान्याचा क्रमांक, तर सरकारकडून प्रत्यक्ष प्रदान होणाऱ्या पदकांवर नुसता क्रमांक, अशी जर्मन शिस्तीला शोभणारी पद्धत होती, आणि कोणता क्रमांक कोणाचा, कोणत्या कारखान्याची टाचणी कशी, बिजागरी कशी, याच्या याद्या आज जाडजूड सचित्र ग्रंथांत उपलब्ध आहेत. या ग्रंथांनी संग्राहकांची मोठी सोय केली हे खरे. परंतु तोच ग्रंथ नकली माल घडवणाऱ्याच्या टेबलावरही उघडा असतो आणि नक्कल करणारा तो अधिक मन लावून वाचतो, कारण संग्राहकाचा तो छंद आहे आणि नक्कल करणाऱ्याचे ते पोट आहे. परिणामी पहिल्या आवृत्तीत 'नकली बिल्ल्यावर ही खूण नसते' असे छापले गेले, की दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ती खूण नकली बिल्ल्यावर येते, आणि ती खऱ्यापेक्षा सुबक असते.

हा सुबकपणाच या शास्त्राचा गाभा आहे. युद्धाच्या आरंभी जर्मन बिल्ले टोंबाक नावाच्या, तांबे अधिक व जस्त कमी अशा मिश्रधातूचे होत असत, आणि त्यांच्यावरचा मुलामा चांगला टिके. पुढे तांब्याची गरज तोफगोळ्यांना जास्त लागली आणि बिल्ले जस्ताचे होऊ लागले. जस्तावर मुलामा धरत नाही, तो काही वर्षांत शोषून जातो, पापुद्रा फुगतो आणि मागे उरतो तो करडा, निस्तेज, कोणाच्याही नजरेत न भरणारा पत्रा. युद्ध ही गोष्टच मुळात काटकसरीची असते, आणि हे समजायला जर्मनीला जाण्याचे कारण नाही. ब्रिटिश सरकारने १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, १९४३ पासून तांबे वाचवण्यासाठी पैशाला मध्येच भोक पाडले, आणि तो भोकाचा पैसा पुढे मराठवाड्यातल्या कित्येक लेकरांच्या करदोड्यात अडकला. खऱ्या युद्धकालीन वस्तूचा चेहरा असा ओशाळलेला असतो. नकली बिल्ला मात्र तोलदार असतो, हातात घेताच भरगच्च लागतो, त्याची पिसे मोजून घ्यावीत अशी असतात आणि त्याच्यावर 'जुनेपणा' असा लावलेला असतो की डोळे पाणावेत. याचे कारण उघड आहे: खरा बिल्ला ज्याच्यासाठी घडवला गेला तो शिपाई होता, आणि त्याला तो आवडतो की नाही हे कोणी विचारले नव्हते; नकली बिल्ला संग्राहकासाठीच घडवलेला असतो, त्याच्या आवडीनिवडी, त्याने पाहिलेले इंग्रजी सिनेमे आणि त्याची ऐपत लक्षात घेऊन. ज्या वस्तूकडे पाहून 'अगदी असाच हवा होता' असे संग्राहकाच्या तोंडून निघते, तिच्याबाबत त्याच क्षणी सावध व्हावे, असा नियम करता येईल. पण तो क्षणच असा असतो की त्या वेळी नियम आठवत नाहीत.

वास्तविक या प्रांताला परीक्षेची परंपरा नाही असे मुळीच नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा गडी विकणाऱ्याच्या शपथा कानाआड करून सरळ घोड्याचा जबडा उघडतो आणि दातांवरून वय वाचतो. जनावराचे आजोबा कोण होते हे तो विचारतो, पण दात पाहून झाल्यावर. हाच माणूस त्याच यात्रेत चादरीवर मांडलेल्या जुन्या नाण्यांपुढे उकिडवा बसला, की त्याची सारी विद्या घोड्यांच्या बाजारात राहते. तेथे त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, एका बाजूस राम-लक्ष्मण-सीता व हनुमान आणि दुसऱ्या बाजूस १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल असलेले 'आण्याचे' नाणे दाखवले जाते आणि तो हात जोडतो. कंपनीने मद्रासकडे देवतांच्या मूर्ती असलेली सोन्याची होनसदृश नाणी पाडली होती हे खरे असले, तरी राम-सीतेचा असा आणा तिने कधीच पाडला नाही. आणि १६१६ साली तर इंग्रजांचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत तिष्ठत उभा होता, त्याने बादशहाच्या मुलखात परस्पर रामाचे नाणे चालू केले असते, तर त्याच्या सवलतींचे काय झाले असते याची कल्पना करावी.

याच नाण्याचा पुढचा अवतार म्हणजे 'राईस पुलर', म्हणजे तांदूळ स्वतःकडे ओढणारे नाणे, ज्यात इरिडियम नावाचा दिव्य धातू असल्याचे सांगून महाराष्ट्रात आणि तेलंगणात अनेकांना लाखोंनी गंडवण्यात आले आणि पोलीस ठाण्यांत त्याचे गुन्हे नोंदले गेले; यातील विज्ञान तांदळात लोखंडाचा भुगा कालवण्यापलीकडे जात नाही. जर्मन बिल्ल्यांच्या संग्राहकाचाही चुंबकावर असाच भाबडा विश्वास असतो. लोहक्रॉसचा गाभा लोखंडी, म्हणून चुंबक चिकटला की क्रॉस खरा, असे समीकरण तो उराशी धरतो; परंतु लोखंड ही जगातील स्वस्त वस्तूंपैकी एक असल्यामुळे नकली क्रॉसमध्ये ते घालायला कोणाचीच हरकत नसते, आणि दुसरीकडे पितळी गाभ्याचे, चुंबकाकडे ढुंकूनही न पाहणारे काही खरे क्रॉसही सापडतात. तेव्हा चुंबकाने सिद्ध होते ते इतकेच, की आत लोखंड आहे.

कापडी बिल्ल्यांसाठी याहून आधुनिक अशी जंबुपार किरणांची, म्हणजे नोटा तपासायच्या निळ्या दिव्याची, परीक्षा आहे. युद्धानंतर कापड व कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यांत चमक आणणारी रसायने घालण्याची पद्धत रूढ झाली आणि ही रसायने त्या दिव्याखाली निळसर पेटून उठतात, म्हणून युद्धकालीन म्हणवणारा बिल्ला दिव्याखाली चमकला तर तो मागाहूनचा समजतात. या परीक्षेने एक जगप्रसिद्ध बळी घेतला आहे. १९८३ साली 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या हस्तलिखित रोजनिश्या मिळाल्याचे जाहीर केले, त्यांच्यासाठी ९० लाखांहून अधिक मार्क मोजले, नामांकित इतिहासकाराकडून वाहवा मिळवली, आणि मग सरकारी प्रयोगशाळेने कागदात युद्धानंतरचे चमकद्रव्य असल्याचे दाखवून दिले. त्या रोजनिश्या कोनराड कुयाऊ नावाच्या इसमाने लिहिल्या होत्या, ज्याचा मूळ धंदा नाझी काळातील वस्तूंना खोटी पत्रे जोडून त्या विकण्याचा होता. वहीच्या पुठ्ठ्यावर हिटलरच्या नावाचे 'ए' अक्षर लावण्याऐवजी त्याने चुकून 'एफ' लावले होते आणि लाखो मार्क मोजणाऱ्या एवढ्या विद्वानांपैकी कोणीही त्यामुळे थांबले नाही. कुयाऊने शिक्षा भोगून झाल्यावर 'अस्सल कुयाऊ नकला' या नावाने चित्रे विकण्याचे प्रामाणिक दुकान थाटले आणि त्याच्या मृत्यूनंतर त्या नकलांच्याही नकला विकल्याचे प्रकरण जर्मन न्यायालयात गेले.

नांदेडमध्ये मात्र या परीक्षेला एक स्थानिक मर्यादा पडते. येथील कोणत्याही नीटनेटक्या घरात पांढरे कापड नीळ आणि टिनोपॉल यांच्या पाण्यातून निघाल्याशिवाय दोरीवर जात नाही, आणि टिनोपॉल हे तेच चमकद्रव्य आहे. त्यामुळे एखाद्या दुर्मीळ योगाने खरा युद्धकालीन कापडी बिल्ला ट्रंकेतून निघाला, तरी घरातील काकूंनी तो 'किती मळका ठेवलाय' म्हणून धोतरांच्या बादलीत बुडवलेला असण्याची शक्यता दृष्टीआड करता येत नाही, आणि मग तो दिव्याखाली ईदच्या चंद्रासारखा नव्हे, तर सरळ खोट्या बिल्ल्यासारखा चमकतो. धातूच्या बिल्ल्यांचे नशीब याहून वाईट. धातूवर वर्षानुवर्षे हवेने चढलेले काळपट पुट, जे संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूचे वयाचे प्रमाणपत्र असते, ते मराठवाडी गृहिणीच्या दृष्टीने निव्वळ गचाळपणा असतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात समया, तांबे आणि घंगाळ यांच्या रांगेत बसवून चिंच-मिठाने त्याचा जो समाचार घेतला जातो, त्यातून बाहेर पडलेला खरा बिल्ला हा नकली बिल्ल्याहूनही नवा दिसतो. नकली माल करणारा बिचारा आम्ल, चहा आणि ओली माती वापरून जे पुट महिनाभरात चढवतो, ते एक काकू पाच मिनिटांत उतरवतात, म्हणून त्याने या प्रांतात कारखाना काढला नसावा.

काही घरांत तर असा बिल्ला थेट देव्हाऱ्यात पोहोचल्याचे मानावे लागते, कारण त्याच्यावर स्वस्तिक असते आणि घरात ज्याच्यावर स्वस्तिक असते त्याला हळदकुंकू वाहायचे असते. लातूरच्या गंजगोलाईतील व्यापारी लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीवर 'शुभ-लाभ' लिहून जे चिन्ह काढतो ते सरळ उभे असते आणि त्याच्या चार घरांत चार टिंबे असतात. जर्मन बिल्ल्यावरचे बहुधा कोपऱ्यावर तिरके उभे असते आणि त्याच्या छायेत साठ लाख ज्यूंची हत्या झाली. जर्मनीत त्याचे सार्वजनिक प्रदर्शन दंडसंहितेच्या कलम ८६-अ खाली गुन्हा ठरते. फुटपाथवर 'माईन काम्फ'चे मराठी भाषांतर चाळून हिटलरच्या 'शिस्ती'वर भाषण देणाऱ्या तरुणांना हा भेद सांगणे अवघड जाते. हा बिल्ला अभ्यासासाठी जवळ बाळगणारा आणि मिरवण्यासाठी बाळगणारा हे दोन निराळे प्राणी आहेत, आणि दुसऱ्याला नकली माल विकला गेला तर त्याबद्दल हळहळ वाटण्याचे काही कारण दिसत नाही.

खऱ्या-खोट्याच्या सीमेवर मात्र एक असा वर्ग आहे की जिथे शास्त्रही डोके खाजवते. पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून माजी सैनिकांना आपली पदके स्वस्तिक वगळून पुन्हा लावण्याची मुभा दिली, लोहक्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पाने आली, आणि ही नवी पदके ल्यूडेनशाइडसारख्या गावांत युद्धकाळातील काही जुन्याच कारखान्यांनी बनवली. व्हिएन्नातील रुडोल्फ सोउवाल यांच्या कारखान्याचेही नाव संग्राहक युद्धोत्तर प्रतींच्या संदर्भात घेतात. आता तोच कारखाना, तेच यंत्र, कदाचित तोच ठसा आणि तोच कारागीर, परंतु साल १९४४ ऐवजी पुढचे कुठलेतरी, अशा स्थितीत वस्तूला खोटे म्हणावे तर खोटेपणा नेमका कुठे आहे हे दाखवता येत नाही, आणि खरे म्हणावे तर ती ज्या युद्धाची आहे ते युद्ध संपून गेलेले असते. येथे संग्राहक ठशाच्या दुखण्यांचा आधार घेतात: वापरता वापरता ठशाला बारीक चीर जाते, ती दरवेळी वाढत जाते आणि प्रत्येक पदकावर उमटते, म्हणून कोणत्या पदकावर चीर किती लांब आहे यावरून ते आधीचे की नंतरचे हे ठरवता येते. अशा एका चिरेवरून युरोप-अमेरिकेतील प्रौढ, सुशिक्षित आणि मुलाबाळांच्या माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलणे टाकले आहे.

या साऱ्या जर्मन मालात मराठवाड्याचा ज्याच्याशी खरा संबंध पोहोचतो असा एक बिल्ला आहे, आणि नेमके त्याचे नाव कोणी आजोबा घेत नाहीत. उत्तर आफ्रिकेत जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत जी 'आझाद हिंद' पलटण उभारली, तिच्या जवानांच्या जर्मन गणवेशावर उजव्या बाहीला तिरंगी पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत' असे लिहिलेली ढाल शिवलेली असे. बर्लिनच्या आझाद हिंद केंद्रात गणपुले यांच्यासारखे मराठी गृहस्थ होते, आणि सुभाषबाबूंचे सचिव व दुभाषी म्हणून काम पाहणारे, 'जय हिंद' या घोषणेचे श्रेय ज्यांना दिले जाते ते आबिद हसन तर खुद्द हैदराबादचे, म्हणजे त्या काळच्या नांदेडकरांच्या राजधानीचे. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबूंबरोबर कीलहून जर्मन पाणबुडीत बसून पुढे समुद्रातच जपानी पाणबुडीत चढलेले एकमेव सहकारीही हेच. या चळवळीची स्वतःची पदकेही होती, 'शेर-ए-हिंद', 'सरदार-ए-जंग', 'वीर-ए-हिंद' आणि 'शहीद-ए-भारत', लढाईत मिळवलेल्यांवर तलवारी आणि इतरांवर त्या नाहीत, आणि ती घडवली व्हिएन्नातल्या वर उल्लेखिलेल्या सोउवाल यांनीच. म्हणजे जी पदके जवळ बाळगायला मराठवाडी माणसाला काही निमित्त आहे, त्यांच्या बाबतीतच युद्धोत्तर प्रतींचा धोका उभा. शिवाय युद्धानंतर या पलटणीचे जवान कैदी म्हणून मायदेशी आणले गेले, तेव्हा अंगावर वाघाची ढाल बाळगून इंग्रज अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा मोह फारच थोड्यांना झाला असेल. त्यामुळे आज बाजारात जे वाघ फिरतात, त्यांतील बहुतेकांची वीण नवी आहे.

जरीकामाचे म्हणजे कलाबतूने भरलेले बिल्ले हा आणखी एक गमतीचा प्रांत. भारतीय उपखंडात, विशेषतः बनारस आणि सियालकोट येथे, जगभरच्या फौजांचे आणि क्लबांचे जरीचे बिल्ले रीतसर भरून दिले जातात, आणि तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण टोपीवरचा जर्मन गरुड ज्याने कधी पाहिला नाही त्याला अंधुक फोटोवरून तो भरायला सांगितला, तर तो त्याच्या परिचयाच्या पाखरांकडे वळतो. चोच खाली वळते, मानेला डौल येतो, छाती गुबगुबीत होते, आणि अशा बिल्ल्यावरचा गरुड पाहून कोणत्याही मराठी मुलाने 'विठू विठू' म्हटले तर त्याची दृष्टी शाबूत आहे असे समजावे.

या गोंधळात नांदेडच्या संग्राहकाने शिकावे कशावर, तर घरच्या हाली शिक्क्यावर. निजामाचे हाली रुपये ब्रिटिशांच्या कलदार रुपयाहून हलके मोल धरत, शंभर कलदारांना सुमारे एकशे सोळा हाली असा भाव असे, आणि १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतरही काही वर्षे ते या भागात चालत राहिले, म्हणून जुन्या घरांत ते आजही निघतात. त्यावरच्या चारमिनारच्या दाराच्या कमानीत एक उर्दू अक्षर असते, मीर महबूब अली खानांच्या नाण्यावर 'मीम' आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानांच्या नाण्यावर 'ऐन', आणि हे 'ऐन'सुद्धा सुरुवातीच्या नाण्यांवर अपुरे व पुढे पूर्ण कोरलेले आहे. हिजरी साल, राजवटीचे वर्ष आणि कमानीतले अक्षर या तिघांचा मेळ बसला नाही, तर नाणे कितीही देखणे असो, बाजूला ठेवावे. ही परीक्षा उर्दू न येणाऱ्या नातवाला जमत नाही, परंतु पोलीस अ‍ॅक्शनपूर्वी उर्दूतून शिकलेला एखादा खरा आजोबा गल्लीत अजून शिल्लक असेल, तर तो चष्मा पुसून ते नाणे एका दमात वाचून दाखवतो. फक्त त्याला कोणी जर्मनीला पाठवू नये.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. खऱ्या जर्मन पदकासोबत सैनिकाच्या नावाचे, तुकडीचे व अधिकाऱ्याच्या सहीचे प्रदानपत्र मिळत असे, आणि ते सोबत असल्यास वस्तूची किंमत कैक पटींनी वाढते. कागदाची नक्कल धातूपेक्षा सोपी असल्यामुळे ते सोबत असल्यास संशयही तितक्याच पटीने वाढावा, पण तसे होताना दिसत नाही. मराठवाड्यातल्या विक्रेत्याकडे जर्मन प्रदानपत्र नसते, म्हणून तो तहसीलच्या आवारात जाऊन बाँडवर प्रतिज्ञापत्र करून आणतो, की सदरचा बिल्ला माझ्या आजोबांनी सन १९४४ साली जर्मनीहून आणला असून तो अस्सल आहे व तसे नसल्यास मी कायद्याप्रमाणे शिक्षेस पात्र राहीन. त्यावर नोटरीचा गोल शिक्का, लाल लाखेचा ठसा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात, आणि हा सारा ऐवज पाहून संग्राहक हळूहळू पाघळतो. नोटरी प्रमाणित करतो ते एवढेच, की या माणसाने माझ्यासमोर सही केली. बिल्ल्याशी त्याचा काही संबंध नसतो आणि जर्मनीशी तर नाहीच. तरीही या व्यवहारात निदान तो बाँड तरी खात्रीने सरकारी आणि खरा होता, असे म्हणून संग्राहक स्वतःची समजूत घालू शकला असता. परंतु नाशिकच्या सरकारी छापखान्यातून निकाली निघालेली यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने याच महाराष्ट्रात वर्षानुवर्षे बनावट मुद्रांक छापले आणि विकले असल्यामुळे, प्रतिज्ञापत्र त्या काळातले असेल, तर आधी तो बाँडच निळ्या दिव्याखाली धरून पाहावा लागतो.